सादेली काम घरी कसं करावं: दोन लाकडं, बारा काड्या आणि एक तारा

एकोणिसाव्या शतकात युरोपात ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेटीचं झाकण जवळून पाहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. नखाएवढ्या जागेत बसणारा तारा, त्यात काळे, पांढरे, हिरवे, रुपेरी तुकडे, आणि असे शेकडो तारे हुबेहूब एकसारखे. एकेक तुकडा चिमट्याने उचलून कुणी किती वर्षं चिकटवत बसलं असेल?

तसं कुणी बसत नसे. कारागीर आधी वेगवेगळ्या रंगांच्या लांब बारीक काड्या तासून घ्यायचा, त्या नक्षीप्रमाणे एकत्र बांधून चिकटवायचा आणि तयार झालेल्या दांड्याच्या आडव्या चकत्या पाडायचा. अळूवडीचा उंडा कुठेही कापला तरी प्रत्येक वडीत तेच वेटोळं दिसतं, तसा इथे प्रत्येक चकतीत तोच तारा निघतो. या कामाला सादेली म्हणतात. ही कला इराणमधल्या शिराझहून सिंधमार्गे सुरतेला आणि तिथून मुंबईला आली असं मानलं जातं. सुरतेत ती प्रामुख्याने पारशी कारागिरांनी जोपासली. शिराझ आणि इस्फहानमध्ये तिची थोरली बहीण ‘खातम’ आजही जिवंत आहे. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात मुंबईच्या या जडावाच्या पेट्या मांडल्या होत्या आणि त्यानंतर साहेबलोकांत त्यांना मोठी मागणी आली. शिवणकामाच्या पेट्या, लिहिण्याच्या पेट्या, भेटपत्रांच्या डब्या असं बरंच काही मुंबईत बनत आणि विकलं जात होतं.

जुन्या कामात हस्तिदंत, आबनूस, हिरवं रंगवलेलं हाड, कथील आणि आतल्या पेटीला बहुतेकदा चंदन वापरलेलं असे. हस्तिदंताचा व्यापार आज कायद्याने बंद आहे आणि तो बंदच राहायला हवा. नक्षीला त्यामुळे काही कमीपणा येत नाही. फिकट लाकूड नीट निवडलं तर पांढऱ्याची जागा ते छान घेतं.

मराठीत या कामाची कृती सविस्तर लिहिलेली फारशी सापडत नाही. म्हणून इथे एकच नमुना घेतला आहे, पण शेवटपर्यंत: सहा टोकांचा तारा, त्याच्या चकत्या, आणि त्या जडवलेलं एका छोट्या पेटीचं झाकण. यंत्र असलंच पाहिजे असं नाही. हाताची करवत, रंधा, पॉलिश पेपर आणि बरीच सबुरी एवढं पुरेल.

आधी भूमिती, कारण सगळं तिच्यावर आहे

हा नमुना निवडण्याचं कारण असं की त्यातल्या बाराही काड्या एकाच मापाच्या आणि एकाच कोनाच्या असतात. काडीचा छेद समभुज चौकोनाचा, म्हणजे शंकरपाळीच्या आकाराचा. त्याचे दोन कोन ६० अंशांचे आणि दोन १२० अंशांचे.

सहा गडद काड्यांचे ६० अंशांचे कोन एका बिंदूभोवती जुळवले की सहा गुणिले साठ म्हणजे ३६० अंश पूर्ण होतात आणि सहा टोकांचा तारा तयार होतो. ताऱ्याच्या दोन टोकांमध्ये जी खाच राहते तिचा कोन बरोबर १२० अंश असतो. तिथे फिकट काडी १२० अंशांच्या कोनाने आत सरकवायची. सहा खाचा, सहा फिकट काड्या. बाहेरची कड आपोआप सरळ होते आणि एक सुबक षटकोन हाती येतो. षटकोन एकमेकांना लागून फट न ठेवता बसतात, त्यामुळे झाकण भरताना वेगळे जोडतुकडे लागत नाहीत.

कागदावर एकदा काढून बघाच. कंपास पेटीतला ३०-६०-९० चा गुण्या घ्या आणि बारा शंकरपाळ्या काढून रंगवा. हा कागद पुढे चिकटवताना समोर ठेवायचा आहे.

माप असं धरू: काडीच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर ६ मिमी. मग तिची एक बाजू साधारण ७ मिमी भरते आणि षटकोनाच्या समोरासमोरच्या कडांमधलं अंतर २४ मिमी येतं. जुन्या पेट्यांवरचे तारे याहून खूप लहान असतात, पण सुरुवात ६ मिमीपासूनच करा. ३ मिमीची काडी हातात धरून तासणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि त्याची घाई नको.

लाकूड

दोनच लाकडं घ्या. गडद म्हणून शिसव, फिकट म्हणून शिवण. शिवण हलकी, पिवळसर पांढरी, तासायला सोपी आणि सहसा पीळ न खाणारी आहे. शिसव मिळाला नाही तर जुन्या बाभळीचा किंवा खैराचा गाभा चालतो, मात्र तो कठीण असल्याने हत्याराला चांगली धार हवी. सागवान मधल्या रंगाचा असल्याने फिकट लाकडाशेजारी उठून दिसतो, पण शिसवीसारखा ठसठशीत नाही. फणसाचा पिवळा रंग मोह पाडतो, तो मी पहिल्या कामाला घेऊ नका म्हणेन, कारण उजेडात तो हळूहळू तपकिरी होतो आणि मनात धरलेली रंगसंगती बदलते.

नवी फळी विकत घेऊ नका. वखारीत किंवा फर्निचर करणाऱ्या सुताराकडे पडलेले तुकडे पुरतात. बघायचं ते एवढंच की लाकडाच्या रेषा तुकड्याच्या लांबीशी समांतर, सरळ असाव्यात. गाठ नको, चीर नको. आणि लाकूड वाळलेलं हवं. घरात आणून दोनतीन आठवडे हवेशीर जागी ठेवा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर चिकटवण्याचं काम पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत फुगलेली काडी उन्हाळ्यात आकसते आणि जोड उघडे पडतात.

प्रत्येक लाकडाच्या २०० मिमी लांब, ४० मिमी रुंद अशा दोन पट्ट्या हव्यात, जाडी साडेसहा मिमी. जाडीचा रंधा चालवणारा सुतार हे काम पाच मिनिटांत करून देतो. एवढ्यात प्रत्येकी आठ काड्या निघतात. लागतात सहा, दोन हाताशी.

शिसवीचा भुसा अनेकांना बाधतो. खाज येते, नाक वाहतं. मास्क लावल्याशिवाय तासायला बसू नका.

काड्या: इथे वेळ घालवा

पूर्ण कामातला निम्म्याहून जास्त वेळ काड्यांना दिला तर पुढचं सगळं सुरळीत होतं. चकतीवरची प्रत्येक फट, प्रत्येक वाकडं टोक काडीतून आलेलं असतं. नंतर पुट्टी भरून ते लपत नाही.

सुताराकडून कठीण लाकडाचा एक ठोकळा ६० अंशांत तिरका कापून आणा. त्याची तिरकी बाजू म्हणजे तुमच्या करवतीची वाट. पट्टी टेबलावर, तिच्यावर ठोकळा, दोन्ही क्लॅम्पने घट्ट. करवतीचं पातं ठोकळ्याच्या तिरक्या बाजूला टेकवून सावकाश ओढा. बारीक दातांची करवत हवी. लांब हेक्सॉ ब्लेडही चालतं. पहिला काप पट्टीची कड तिरकी करण्यासाठी, मग दर ८ मिमीवर एक काडी. अंदाजे एक मिमी तासण्यासाठी जास्तीचा राहतो.

आता त्या ओबडधोबड काड्या नेमक्या ६ मिमीवर आणायच्या. यासाठी एक साधी सोय करा. सपाट प्लायवर ६ मिमीच्या चौकोनी पितळी सळईचे दोन तुकडे समांतर बसवा, मध्ये काडी मावेल एवढी जागा, आणि पुढच्या टोकाला एक लाकडी अडण. काडी त्या दोन सळयांमध्ये एका बाजूवर आडवी ठेवायची. एका सपाट पट्टीला १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून ती पट्टी वरून लांबीच्या दिशेने फिरवायची. कागद लाकडावर चालताना एक आवाज येतो, पितळेला लागला की दुसरा. आवाज बदलला की थांबा. ती बाजू झाली. मग काडी शेजारच्या बाजूवर वळवून तेच. लाकूड फार जास्त असेल तर आधी रंध्याने उतरवा, पण शेवटची अर्धी मिमी कागदानेच.

सळई लोखंडी का नको? लोखंडाचा कीस लाकडात अडकतो आणि डिंकातलं पाणी लागलं की फिकट लाकडावर काळपट डाग उठतात. पितळेला ही अडचण नाही. फक्त मधूनमधून व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घ्यायच्या सरकत्या पट्टीने, मोजत राहा, कारण पितळ हळूहळू झिजतं.

सगळ्या काड्या झाल्या की कोनाची परीक्षा. एका जास्तीच्या काडीच्या सहा पातळ चकत्या पाडा आणि काचेवर एका बिंदूभोवती मांडा. पाच नीट बसल्या की सहाव्याला जागा उरते ती बघा. शेवटच्या फटीत पोस्टकार्ड जेमतेम सरकत असेल तर उत्तम. फट याहून मोठी असेल, किंवा सहावी चकती बसतच नसेल, तर तिरका ठोकळा पुन्हा तपासा. कोनात एका अंशाची चूक सहा काड्यांत सहा अंशांची होते.

दांडा बांधणं

डिंक म्हणून नेहमीचा पांढरा फेव्हिकॉल चालतो. जुने कारागीर सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला डिंक, वापरत आणि तो गरम करून पुन्हा सोडवता येतो हा त्याचा मोठा गुण. नवशिक्याने मात्र फेव्हिकॉल घ्यावा. सरस गरम ठेवण्याच्या धांदलीत काड्या जुळवायच्या राहतात.

सहाही गडद काड्या एकदम चिकटवू नका. तीन-तीनचे दोन अर्धे तारे करा. तीन काड्यांचे कोन मिळून १८० अंश होतात, म्हणजे अर्ध्या ताऱ्याची एक बाजू सपाट यायला हवी. डिंकाचा पातळ थर ब्रशने लावा, काड्या जुळवा, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या अरुंद पट्ट्या कापून त्यांनी टोकापासून टोकापर्यंत गुंडाळा. ट्यूब सगळीकडून सारखा दाब देते आणि काड्यांच्या कडा चेपत नाही. सुतळी कडेला रुतते. गुंडाळताना टोकाकडून बघत राहा, मधले तीन कोन एकाच बिंदूला भेटले पाहिजेत. रात्रभर राहू द्या.

दुसऱ्या दिवशी काचेवर पॉलिश पेपर पसरून दोन्ही अर्ध्यांची सपाट बाजू घासा. कोनांतली उरलीसुरली चूक इथे निघून जाते. दोन अर्धे उजेडासमोर एकमेकांना टेकवून धरा, मधून प्रकाश दिसला नाही की चिकटवायला तयार. संपूर्ण कृतीतली सगळ्यात उपयोगाची युक्ती हीच आहे.

तारा वाळल्यावर सहा खाचांत फिकट काड्या. प्रत्येक काडी आधी कोरडी बसवून बघा. एखादी घट्ट होत असेल तर तिचीच एक बाजू थोडी घासा आणि कुठल्या खाचेची कोणती काडी ते पेन्सिलीने लिहून ठेवा. मग डिंक, पुन्हा ट्यूब, यावेळी जरा ताणून. दोन दिवस हात लावू नका. वरून कोरडा दिसणारा डिंक आत ओला असतो आणि अशा दांड्याच्या चकत्या कापताना काड्या सुटतात.

सुटल्यावर दांडा खडबडीत दिसेल, डिंकाचे ओघळ असतील. सहाही बाहेरच्या बाजू घासून साफ करा आणि समोरासमोरच्या बाजूंमध्ये २४ मिमी सगळीकडे आहेत ना ते मोजा. मग एक टोक काटकोनात कापा. तारा पहिल्यांदा दिसतो तो इथे.

चकत्या

चकतीची जाडी २ मिमी. करवतीत साधारण एक मिमी जातो, म्हणजे एका चकतीमागे ३ मिमी. २०० मिमीच्या दांड्यातून धरायला जागा सोडूनही चाळीसेक चकत्या निघतात. १२० बाय ७५ मिमीच्या झाकणाला कडेच्या कापाकापीसह तीसेक लागतात.

या चकत्यांमध्ये लाकडाच्या रेषा उभ्या असतात, म्हणून त्या बिस्किटासारख्या कुरकुरीत असतात. उपाय सोपा: प्रत्येक वेळी कापण्याआधी दांड्याच्या तोंडावर पातळ कागद चिकटवा, वाळला की कापा. चकती कागदासह निघते आणि एकसंध राहते. वेळ जातो, पण तुटलेल्या चकत्या जुळवण्यात जाणाऱ्या वेळेपेक्षा कमीच.

कापण्यासाठी तीन बाजूंची लाकडी पेटी करा, तिच्या दोन्ही भिंतींत करवतीपुरती उभी खाच. खाचेपासून २ मिमीवर एक अडण ठोका. दांडा अडणीपर्यंत सरकवायचा, घट्ट धरायचा, करवत हलक्या हाताने ओढायची. दाब देऊ नका. शेवटचे दोन ओढे अगदी हलके, नाहीतर चकतीची कड उडते. सुताराच्या गोल करवतीच्या यंत्रावर हे काम कुणी सुचवलं तर नाही म्हणा. एवढा आखूड तुकडा फिरत्या पात्याजवळ धरणं बोटांसाठी धोक्याचं आहे.

झाकण जडवणं

पाया म्हणून ९ मिमी चांगलं प्लाय घ्या. अखंड लाकडी फळी ऋतूप्रमाणे रुंदीत फुगते-आकसते आणि वरच्या चकत्या तिच्याबरोबर हलत नाहीत. जुन्या पेट्यांवरचे तुकडे उचकटलेले दिसतात त्याचं एक कारण हेच.

आधी कोरडी मांडणी. झाकणाच्या मध्यावर दोन रेघा मारा, पहिला षटकोन त्यांच्या छेदावर, मग बाहेरच्या दिशेने. चकत्यांची कागदाची बाजू वर. कडेला चकत्या बाहेर येऊ द्या, त्या नंतर कापायच्या आहेत. मांडताना ताऱ्यांची टोकं शेजारच्या ताऱ्याच्या टोकाला भिडतात का ते पाहा. एखादी चकती किंचित लहान असेल तर ती मधे न वापरता कडेला सरकवा.

चिकटवताना एक गोष्ट लक्षात ठेवा: आडव्या कापाचं तोंड डिंक भराभर पितं. एकदाच लावून चिकटवलं तर जोडात डिंक उरतच नाही. म्हणून चकतीच्या मागच्या बाजूला पाणी घालून पातळ केलेल्या डिंकाचा एक हात द्या, तो सुकू द्या, मग प्लायवर घट्ट डिंकाचा पातळ थर लावून चकत्या बसवा. मधून सुरुवात करा, पाचसहा चकत्या बसवून थांबा, जुळणी तपासा, पुढे चला. सगळ्या बसल्या की वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर सपाट फळी, चारही बाजूंना क्लॅम्प. एक दिवस.

नंतर बाहेर आलेल्या कडा करवतीने कापा, कानशीने सारख्या करा आणि चारही बाजूंना शिसवीची ३ मिमी पट्टी लावा. आडव्या कापाच्या कडा ठिसूळ असतात, पट्टीने त्या झाकल्या जातात.

घासणं आणि पॉलिश

वरचा कागद किंचित ओलसर करून खरवडा, मग पूर्ण सुकू द्या. घासण्याआधी चपडा लाखेचा एक पातळ हात द्या. शिसवीची काळी पूड शिवणीच्या छिद्रांत शिरली की पांढरा भाग मळकट होतो आणि मग काही केल्या निघत नाही. लाखेने छिद्रं बुजतात. १२० पासून सुरू करून १८०, २४०, ३२० असे पेपर वापरा, दर पेपरनंतर कोरड्या ब्रशने झटका. ओल्या फडक्याने पुसू नका. रेषा उभ्या असल्याने गोल फिरवून घासलं तरी चालतं. प्रत्येक पेपर बदलताना लाखेचा पातळ हात पुन्हा द्या.

शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे तीनचार पातळ हात पुरेत. तेल लावू नका. आडव्या कापात ते खोल जातं, फिकट लाकूड गडद होतं आणि ज्या रंगफरकासाठी एवढं केलं तोच कमी होतो.

नंतर एखादी चकती उचलली तर

पहिल्या पावसाळ्यानंतर एखाद्या चकतीची कड वर येऊ शकते. ती ओढून काढू नका. फेव्हिकॉल उष्णतेने मऊ होतो, म्हणून चकतीवर जाड सुती कापड ठेवून कोमट इस्त्री काही सेकंद टेकवा आणि लगेच सपाट वजन ठेवा. तेवढ्याने बसली नाही तर सुईच्या सिरिंजने कडेखाली पातळ डिंक सोडा, प्लॅस्टिक ठेवून क्लॅम्प करा. इस्त्रीने वरची लाख पांढुरकी झाली असेल तर स्पिरिटमध्ये बुडवून पिळलेल्या फडक्याचा एक हलका फेर त्या जागेवर फिरवा. बदलावीच लागली तर उरलेल्या दांड्यातून नवी चकती कापता येते. त्यासाठी तो दांडा फेकू नका, कोरड्या जागी गुंडाळून ठेवा आणि त्यावर लाकडांची नावं आणि माप लिहा.